वस्तीचे भाव चढतात तेव्हा तिथे कोण टिकते?

विचारलेला प्रश्न असा आहे: एखाद्या जुन्या, अल्प किंवा मध्यम उत्पन्नाच्या शहरी वस्तीत घरांचे भाव झपाट्याने चढू लागले, नव्या इमारती आणि अधिक कमावते रहिवासी येऊ लागले, तर याला सुधारणा म्हणावे की जुन्या रहिवाशांचे विस्थापन; आणि नव्या बांधकामामुळे भाडी वाढतात की उतरतात? नगरनियोजन आणि गृहनिर्माण या क्षेत्रांत काम करताना रहिवासी संघटनांनी, लोकप्रतिनिधींनी आणि विकासकांनीही मला हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. सुधारणा आणि विस्थापन एकाच वेळी, एकाच गल्लीत घडू शकतात, हे माझे पहिले उत्तर. पदपथ दुरुस्त होतात, बंद पडलेली उद्याने उघडतात, बँका कर्ज द्यायला तयार होतात. आणि त्याच महिन्यात शेजारच्या भाडेकरूला कराराचे नूतनीकरण नाकारले जाते. कोणाच्या वाट्याला काय येईल, हे मुख्यतः त्या कुटुंबाचा घरावरचा हक्क कोणत्या स्वरूपाचा आहे यावर ठरते, आणि तो हक्क भक्कम करण्याची वेळ भाव चढण्याच्या आधीची असते. पुढे जे लिहितो आहे ते या एका विधानाचे स्पष्टीकरण आहे.

भाव चढत वस्ती पालटण्याच्या या प्रक्रियेला जेंट्रिफिकेशन म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये लंडनबद्दल लिहिताना तिचे वर्णन केले: कामगारांच्या वस्त्यांतील जुनी घरे मध्यमवर्गीय कुटुंबे एकेक करून विकत घेत होती, खोल्या-खोल्यांत विभागलेली घरे पुन्हा एकसंध होत होती आणि काही वर्षांत त्या भागाचा सामाजिक चेहराच पालटत होता. मात्र हे केवळ नव्या कुटुंबांच्या आवडीनिवडीमुळे झाले नाही. ब्रिटनमधील 1957 च्या भाडे कायद्याने अनेक घरांवरील भाडेनियंत्रण काढले, आणि ज्यांवर ते राहिले तिथेही भाडेकरू निघून गेल्यावर घर नियंत्रणमुक्त होईल अशी व्यवस्था केली. त्यामुळे भाडेकरू असलेल्या घराची किंमत आणि तेच घर रिकामे असतानाची किंमत यांत मोठी तफावत पडली. भाडेकरू बाहेर काढणे हाच नफ्याचा मार्ग ठरला. मालकाच्या स्वभावाविषयी कितीही चर्चा केली तरी ही तफावत मोजल्याखेरीज त्याचे वागणे समजत नाही.

हेच सूत्र अधिक व्यापक रूपात भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी 1979 मध्ये मांडले. जमिनीचा तुकडा आज जे उत्पन्न देतो आणि त्याच जागेचा सर्वांत किफायतशीर वापर केल्यास जे देऊ शकेल, या दोहोंतील अंतर पुरेसे रुंदावले की भांडवल तिकडे वळते. हे अंतर दोन बाजूंनी रुंदावते. एक म्हणजे खालून: दुरुस्ती थांबते, कर्जपुरवठा आटतो, पालिका गटारे आणि दिवाबत्ती दुर्लक्षिते, आणि जमिनीचे चालू उत्पन्न घसरत जाते. दुसरे वरून: रेल्वे स्थानक येते, चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते ठरवणारे प्रमाण) वाढतो, औद्योगिक जमिनीवर निवासी वापराला परवानगी मिळते, आणि संभाव्य उत्पन्न एका सरकारी आदेशाने उंचावते. दोन्ही बाजूंना सार्वजनिक निर्णय असतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण बाजाराची लाट आली आणि वस्ती वाहून गेली असे सांगितले जाते तेव्हा त्या निर्णयांची जबाबदारी पुसली जाते.

दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेत 1933 साली स्थापन झालेल्या गृहकर्जविषयक सरकारी महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीय व गरीब वस्त्या लाल रंगात धोक्याच्या म्हणून दाखवल्या. तो दृष्टिकोन सरकारी कर्जहमीच्या योजनांत आणि बँकांच्या व्यवहारात पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. अशा भेदभावाला कायद्याने मनाई झाली ती 1968 साली. तोवर शहराच्या मध्यभागाजवळच्या अनेक वस्त्या दशकानुदशके भांडवलाविना राहिल्या होत्या, आणि पुढच्या काळात गुंतवणूकदारांना स्वस्त, मोक्याची जमीन मिळाली ती नेमकी तिथेच. दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या सोहो भागाचे. मॅनहॅटनच्या खालच्या भागातून जाणाऱ्या प्रस्तावित द्रुतगती महामार्गाची टांगती तलवार या भागावर अनेक वर्षे होती, म्हणून तिथल्या लोखंडी दर्शनी भागांच्या कारखाना-इमारतींत कोणी पैसा घालत नव्हते. त्या रिकाम्या मजल्यांवर कलाकार राहू लागले, तेही बहुतेक बेकायदा. महामार्गाची योजना 1969 मध्ये रद्द झाली, 1971 मध्ये कलाकारांच्या तेथील वास्तव्याला नियोजन नियमांत मान्यता मिळाली, 1973 मध्ये भागाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतर हा शहरातील सर्वांत महागड्या भागांपैकी एक झाला. पुष्कळजण याचे श्रेय किंवा दोष कलाकारांना देतात. मला त्यात महामार्गाची योजना आखणारी आणि मग ती मागे घेणारी यंत्रणा अधिक ठळक दिसते.

आता लक्षणांकडे वळतो, कारण रहिवाशांचा सर्वाधिक वेळ चुकीची लक्षणे पाहण्यात जातो. नवे कॉफीगृह किंवा महागडे दुकान उघडले की लोक चिंताग्रस्त होतात. तोवर जमिनीचे व्यवहार बहुधा होऊन गेलेले असतात. वस्तीचा अभ्यास सुरू करताना मी आधी दस्त नोंदणीच्या कार्यालयात जातो. लागून असलेले भूखंड एकाच खरेदीदाराकडे, किंवा वेगवेगळ्या नावांच्या पण एकाच पत्त्याच्या कंपन्यांकडे जात आहेत का, हे तिथे दिसते. त्यानंतर बांधकाम परवानग्यांचे आणि वापरबदलाचे अर्ज पाहतो, आणि घर रिकामे करण्याबाबत न्यायालयात दाखल झालेले दावे मोजतो. आणखी एक लक्षण कागदावर येत नाही, ते चालत फिरून पाहावे लागते: मालकाने दुरुस्ती थांबवली आहे का. गळके छत आणि बंद पडलेली लिफ्ट याकडे नेहमी गरिबीची खूण म्हणून पाहिले जाते, पण भाव वाढण्याची अपेक्षा असलेला मालकही इमारत मुद्दाम जीर्ण होऊ देतो, कारण राहण्यास अयोग्य ठरलेली इमारत रिकामी करणे सोपे असते. शेजारच्या इमारतींची खरेदी-विक्री वाढत असताना एखाद्या इमारतीची डागडुजी अचानक थांबली, तर तिथल्या भाडेकरूंनी त्याच आठवड्यात कायदेशीर सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

विस्थापन खरोखर किती होते, यावर अभ्यासकांत मोठा वाद आहे आणि तो प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. लान्स फ्रीमन आणि फ्रँक ब्रॅकोनी यांनी न्यूयॉर्कच्या 1990 च्या दशकातील माहितीवरून 2004 मध्ये असे दाखवले की बदलत्या वस्त्यांतील गरीब कुटुंबे इतर वस्त्यांतील गरीब कुटुंबांपेक्षा घर सोडण्याची शक्यता कमी होती. हा निष्कर्ष ऐकून अनेकजण सुटकेचा निःश्वास टाकतात. मला त्याचा अर्थ वेगळा दिसतो. वस्ती सुधारू लागली की तिथे राहणे अधिक मोलाचे होते, म्हणून लोक वाढत्या भाड्याचा भार सोसून, जेवणाखाण्यात आणि औषधपाण्यात काटकसर करून टिकून राहतात. शिवाय त्या काळात न्यूयॉर्कमधील भाड्याच्या घरांचा मोठा हिस्सा भाडेनियमनाखाली होता, म्हणजे टिकून राहण्यास आधार देणारा कागद त्यांच्या हातात होता.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा नियोजनतज्ज्ञ पीटर मार्क्यूज यांनी 1985 मध्येच मांडला होता. घरातून हुसकावले जाणे हा विस्थापनाचा एकच प्रकार झाला. एखादे कुटुंब नोकरीनिमित्त, लग्नानंतर किंवा वृद्धापकाळी नैसर्गिकपणे घर सोडते, आणि त्या रिकाम्या घरात त्याच उत्पन्नाचे दुसरे कुटुंब येऊ शकत नाही, हाही विस्थापनाचाच प्रकार आहे. शहरातील भाडेकरू कुटुंबे एरवीही सतत घरे बदलत असतात. त्यामुळे एकालाही घराबाहेर न काढता, केवळ रिकाम्या झालेल्या घरांचे भाडे बदलून, दहा-पंधरा वर्षांत पूर्ण वस्तीची लोकसंख्या पालटू शकते. आमच्या वस्तीतून कोणालाच जबरदस्तीने काढले गेले नाही, हे विधान त्यामुळे खरे असूनही अपुरे ठरते. वस्तीचा हिशेब मांडताना मी गेलेल्यांची यादी करतोच, पण गेल्या काही वर्षांत नव्याने भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबांचे उत्पन्न आधीच्यांच्या तुलनेत किती आहे, हेही विचारतो. दुसरा आकडा अधिक बोलका असतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराविषयी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. जे टिकले त्यांची कर्जफेडीची पत सुधारली, आणि ही सुधारणा खरी व मोलाची आहे. पण आधीच आर्थिकदृष्ट्या कमकुवत असलेले जे रहिवासी बाहेर पडले, ते अधिक गरीब भागांकडे जाण्याची शक्यता वाढली.

स्वतःचे घर असलेल्यांची स्थिती वेगळी असते आणि तिच्याविषयी फार गैरसमज आहेत. भाव वाढले म्हणजे मालकाचे भलेच झाले, असे मानले जाते. ज्या वृद्ध दांपत्याला घर विकायचेच नाही, त्यांच्यासाठी वाढलेली किंमत ही कागदावरची संपत्ती आणि हातातले वाढीव कराचे देयक असते, कारण अनेक शहरांत मालमत्ता कर किमतीच्या मूल्यांकनाशी जोडलेला असतो. यावर उपाय आहेत. फिलाडेल्फियाने 2014 मध्ये घराचे मूल्यांकन एकाच वेळी तिपटीहून अधिक वाढलेल्या, दहा वर्षांपेक्षा जास्त काळ तिथेच राहणाऱ्या मालकांच्या करवाढीला मर्यादा घातली. कॅलिफोर्नियात 1978 मध्ये सार्वमताने सर्वच मालमत्तांच्या मूल्यांकनाची वार्षिक वाढ 2 टक्क्यांवर रोखली गेली, परंतु तिथे गरजू मालक आणि प्रचंड व्यापारी संकुलाचा मालक यांच्यात भेद केला गेला नाही आणि स्थानिक संस्थांचा महसूल आक्रसला. मी पहिल्या पद्धतीच्या बाजूचा आहे: सवलत राहणाऱ्या व्यक्तीला द्यावी, मालमत्तेला देऊ नये. घरमालकांपुढचा दुसरा धोका वारसा नोंदीचा असतो. आजोबांच्या नावावरचे घर तीन पिढ्या तसेच राहिले असेल, तर एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन कोणीही परकी व्यक्ती वाटणीचा दावा लावू शकते. वारस नोंद करून घेणे हे अत्यंत कंटाळवाणे काम आहे, आणि त्याइतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

नव्या बांधकामाचे काय? याचे उत्तर कोणत्या जागेवर बांधले जाते यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील अल्प उत्पन्नाच्या भागांत उभ्या राहिलेल्या मोठ्या नव्या इमारतींचा एक काळजीपूर्वक केलेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे आढळले की इमारत झाली नसती तर जितकी भाडी असती त्यापेक्षा जवळच्या घरांची भाडी सुमारे 6 टक्क्यांनी कमी राहिली. अधिक कमावणारी कुटुंबे नव्या इमारतीत सामावली जातात आणि जुन्या घरांवरची त्यांची मागणी काही प्रमाणात हटते. रिकाम्या भूखंडावर, वाहनतळावर किंवा बंद कारखान्याच्या जागेवर बांधल्या जाणाऱ्या घरांना केवळ ती महाग आहेत म्हणून विरोध करणाऱ्या संघटनांशी मी सहमत नाही, कारण ती घरे झाली नाहीत तरी ते खरेदीदार नाहीसे होत नाहीत, ते जुन्या घरांकडे वळतात. याउलट, वीस स्वस्त भाड्याची घरे पाडून तिथे दहा महागडी घरे होत असतील, तर वस्तीचे सरळ नुकसान आहे आणि वरच्या अभ्यासाचा आधार तिथे घेता येत नाही. म्हणून बांधकामाच्या प्रस्तावावर सुनावणी असेल तेव्हा पहिला प्रश्न हा असावा की आज त्या जागेवर किती कुटुंबे राहतात, किती भाड्यात राहतात आणि काम चालू असताना ती कुठे जाणार आहेत.

भाडेनियंत्रणाविषयीचा वादही असाच अर्धवट मांडला जातो. सॅन फ्रान्सिस्कोत 1994 मध्ये मतदारांनी 1980 पूर्वीच्या लहान इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू केले. अर्थतज्ज्ञ रेबेका डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निर्णयाचा जो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला, त्यानुसार संरक्षण मिळालेले भाडेकरू त्याच पत्त्यावर राहण्याची शक्यता 10 ते 20 टक्क्यांनी वाढली, आणि त्याचवेळी त्या इमारतींच्या मालकांनी घरे विक्रीसाठी रूपांतरित करून किंवा पुनर्बांधणी करून भाड्याच्या घरांचा पुरवठा 15 टक्क्यांनी घटवला, ज्यामुळे शहरभर भाडी सुमारे 5 टक्क्यांनी वाढली. एक गट पहिला निष्कर्ष सांगतो, दुसरा गट दुसरा. माझ्या मते दोन्ही मिळून एकच धडा मिळतो: भाड्यावर मर्यादा घालताना रूपांतराची पळवाट उघडी ठेवली तर मर्यादेचा लाभ आजच्या भाडेकरूला मिळतो आणि किंमत उद्याच्या भाडेकरूला मोजावी लागते. जर्मनीत विशिष्ट भागांतील रहिवाशांची रचना टिकवण्यासाठी चैनीचे नूतनीकरण आणि भाड्याच्या घरांचे मालकी सदनिकांत रूपांतर यांना पालिकेची परवानगी आवश्यक करता येते, आणि ही तरतूद बर्लिनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. बर्लिनने 2020 मध्ये आणलेली सरसकट भाडेमर्यादा मात्र, असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला (बर्लिन हे जर्मनीचे एक राज्यही आहे) नाही या कारणास्तव, जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने 2021 मध्ये रद्द ठरवली. अधिकारक्षेत्राचा प्रश्न आधी न तपासता केलेला कायदा रहिवाशांनाच अडचणीत आणतो. अनेक भाडेकरूंवर मधल्या काळातील फरकाची रक्कम भरण्याची वेळ आली.

एवढे सर्व पाहिल्यावर माझा कल कुठे आहे हे स्पष्ट सांगतो. जमीन ज्याच्याकडे आहे त्याच्या हेतूवर शेवटी सारे अवलंबून असते, म्हणून वस्तीतील काही जमीन तरी कायमस्वरूपी बाजाराबाहेर ठेवणे हा मला सर्वांत टिकाऊ उपाय वाटतो. व्हिएन्नाने हे शंभर वर्षांपूर्वी सुरू केले आणि आज तिथे पालिकेच्या मालकीच्या सुमारे 2,20,000 सदनिका आहेत. मर्यादित नफा तत्त्वावरील संस्थांची घरे धरली तर शहराची जवळपास निम्मी लोकसंख्या अशा घरांत राहते. ज्या शहरांकडे तेवढी ताकद नाही, तिथे सामुदायिक भू-न्यास हा मार्ग आहे. जमीन न्यासाच्या मालकीची राहते, घर कुटुंबाच्या मालकीचे असते, सहसा 99 वर्षांचा भाडेपट्टा दिला जातो, आणि घर विकताना किंमत ठरलेल्या सूत्रानेच घ्यावी लागते. विकणाऱ्याला भाववाढीचा काही वाटा मिळतो, बाकीचा घरातच राहतो, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 1969 मध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या चळवळीतून याची सुरुवात झाली, आणि व्हर्मांट राज्यातील बर्लिंग्टन शहराने 1984 मध्ये पालिकेच्या पाठबळाने शहरी न्यास उभारला.

या संदर्भात पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन येथील मार्तिन पेन्या कालव्याकाठच्या वस्त्यांचे उदाहरण मी प्रत्येक रहिवासी संघटनेला सांगतो. गाळाने भरलेला तो कालवा पावसात वस्तीत शिरत असे. तो स्वच्छ करण्याची मागणी रहिवाशांचीच होती, परंतु कालवा स्वच्छ झाला की किनाऱ्याची जमीन मोलाची होईल आणि ज्यांच्याकडे मालकीचे कागद नाहीत त्यांना जावे लागेल, हे त्यांनी आधी ओळखले. म्हणून त्यांनी कामाच्या आधी जमिनीचा प्रश्न सोडवण्याचा आग्रह धरला, आणि 2004 च्या कायद्याने तेथील सार्वजनिक जमीन रहिवाशांच्या भू-न्यासाकडे देण्याची वाट मोकळी झाली. याच्या उलट क्रम अटलांटा शहराच्या बेल्टलाइन प्रकल्पात दिसतो. जुन्या रेल्वेमार्गांच्या वलयावर उद्याने आणि पायवाटा करण्याची ही सुंदर कल्पना रायन ग्रॅव्हेल यांच्या 1999 च्या प्रबंधातून आली, आणि 5,600 परवडणाऱ्या घरांचे उद्दिष्टही ठेवले गेले. परंतु पायवाटा पुढे गेल्या, घरे मागे राहिली, आणि 2016 मध्ये ग्रॅव्हेल यांनी याच चिंतेपोटी प्रकल्पाशी संलग्न संस्थेच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. पायवाट झाल्यावर शेजारची जमीन विकत घेणे म्हणजे आपणच वाढवलेल्या भावाने ती विकत घेणे होय.

दुकानांबद्दल थोडक्यात. अनेक ठिकाणी निवासी भाडेकरूला असते तितकेही संरक्षण दुकानदाराला नसते, त्यामुळे शिंपी, सायकल दुरुस्तीवाले, किराणा दुकानदार घरांच्या आधी जातात आणि उरलेल्या रहिवाशांचा रोजचा खर्च वाढतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1954 पासून व्यावसायिक भाडेकरूला, करारात वगळले नसेल तर, नूतनीकरणाचा कायदेशीर हक्क आहे. पॅरिसने 2004 पासून एका संमिश्र मालकीच्या संस्थेमार्फत तळमजल्यावरील गाळे विकत घेऊन ते लहान व्यावसायिकांना देण्याची योजना राबवली. दोन्ही मार्ग अनुकरणीय आहेत.

भाव आधीच चढले असतील तर काहीच करता येत नाही, असे मी म्हणणार नाही. वॉशिंग्टन शहरात 1980 पासून इमारत विकली जाताना ती विकत घेण्याची पहिली संधी भाडेकरूंना द्यावी लागते, आणि अनेक भाडेकरू संघटनांनी तिचा उपयोग करून सहकारी संस्था स्थापन केल्या. न्यूयॉर्कने 2017 मध्ये घर रिकामे करण्याच्या दाव्यांत अल्प उत्पन्न भाडेकरूंना मोफत वकील देण्याचा कायदा केला. असे कायदे तुमच्या शहरात नसतील तर विकासकाशी होणाऱ्या वाटाघाटींवर अधिक भार पडतो, आणि तिथे एका बाबीकडे बारकाईने पाहावे. नव्या इमारतीत काही घरे परवडणाऱ्या दरात ठेवण्याचे वचन मिळते तेव्हा सर्वांचे लक्ष घरांच्या संख्येवर असते, मुदतीवर नसते. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने 1974 मध्येच मोठ्या प्रकल्पांना अशी घरे बंधनकारक केली. ती योजना पुढे जगभर अभ्यासली गेली, पण सुरुवातीला दरनियंत्रणाची मुदत अवघी 5 वर्षे होती, नंतर 10 झाली, आणि मुदती संपताच हजारो घरे बाजारभावात गेली. त्यानंतर मुदती बऱ्याच वाढवण्यात आल्या. म्हणून करारात दर कोणत्या उत्पन्नगटासाठी ठरले आहेत, ते किती वर्षे लागू राहतील, मालक बदलल्यास ते नव्या मालकावर बंधनकारक राहतील का, आणि अंमलबजावणीची तक्रार कोणापुढे करायची, हे चारही मुद्दे लिहून घ्यावेत आणि तो करार जमिनीच्या दस्तावर नोंदवून घ्यावा, जेणेकरून पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला तो दिसेल आणि पाळावा लागेल.